डावी पोटरी

डोळा लवला की आत्या सांगायची,
बाईचा डावा, म्हणजे चांगलं.
पाहुणे येतील, पैसे येतील, निदान पत्र तरी.
पोटरी लवली तर काय येतं
ते तिनं सांगून ठेवलं नाही.

म्हणून रात्री दोन वाजता मी फोनला विचारलं,
पांघरुणात, उजेड कमी करून.
फोननं तीन अक्षरं सांगितली.
ती मी इथे लिहिणार नाही.

तेव्हापासून सात आठवडे
दात घासताना आधी टाचांवर उभी राहते, मग चवड्यांवर.
आरशासमोर जीभ काढून टॉर्च मारते.
थरथरते.
कुणाची थरथरणार नाही, अशी ताणून धरल्यावर?
लिंबाच्या लोणच्याची बरणी घट्ट लावते,
उघडते, पुन्हा लावते.
उघडली. म्हणजे आज तरी नाही.

यशोधन म्हणतो, मनाचे खेळ.
असतील. पण मन काय पोटरीत असतं?
हात ठेव, बघ, म्हटलं
की नेमकी गप्प बसते,
पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटल्यावर
पोरं बसतात तशी.

भोसरीला, इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी,
जेवणाच्या सुट्टीत, व्हर्नियरच्या जबड्यात
मी अंगठ्याखालचा उंचवटा धरला.
उजवा एकवीस पॉइंट चार.
डावा वीस पॉइंट नऊ.
त्या अर्ध्या मिलिमीटरपायी
दोनदा घरची बस चुकवली.

तांबोळीनं पाहिलं. वीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
वाटलं, आता सगळ्या शॉपला सांगणार.
त्यानं व्हर्नियर घेतला, फडक्यानं पुसला, शून्यावर आणला,
म्हणाला, मॅडम, ड्रॉइंग कुठंय?
ड्रॉइंग नसताना जॉब रिजेक्ट कसा करता?

एरंडवण्यात गद्रे डॉक्टरांनी सुई घातली.
यंत्राला स्पीकर होता.
पाय आवळा म्हणाले,
तर खोलीभर पत्र्यावर गारा.
सैल सोडा म्हणाले.
मला सोडताच येईना.
सोडा हो, म्हणाले, कुठे पळून नाही जात तो.
शेवटी सुटला. नुसता पंख्याचा आवाज.
मग एकदा, टक्.
हेच, मी ओरडले, हेच ते!
हे? म्हणाले. उडू दे की.
चहा कमी करा. झोपत जा.
आणि सहा महिन्यांनी... नको, येऊच नका.

फाइल छातीशी धरून रिक्षात बसले.
नळस्टॉपच्या सिग्नलपर्यंत मी ठणठणीत होते.
सिग्नल एकशेवीसचा.
नव्वदला वाटलं, सुई भलत्याच जागी घातली असेल तर?
साठला, डॉक्टर दमलेले दिसत होते.
चाळीसला, उजवा पाय त्यांनी तपासलाच नाही.
बाराला उजवा पाय उडाला.
हिरवा झाला. मागचे सगळे हॉर्न माझ्यासाठीच.

काल रात्री मृण्मयी माझ्या पायांवर पाय टाकून झोपत होती.
अर्धवट झोपेत म्हणाली,
आई, तुझ्या पायात कुणीतरी आहे.
पोटात धस्स झालं. म्हणजे तिलाही कळतं.
मग म्हटलं, हो गं, आहे.
काय करतंय?
काही नाही. कूस बदलतंय.
झोप येत नाही त्याला?
येईल.
तिला आली.

तिचा पाय जड होत गेला,
गरम, थोडा मळका, अंगठ्याला नेलपॉलिशचा टवका.
खाली माझी पोटरी तिच्या चालीनं चालली होती,
एक, मग बराच वेळ नाही, मग लागोपाठ दोन.
पाय काढून घेतला असता तर ती जागी झाली असती.
मी मोजलं नाही.

आज सकाळी मोजलं. अकरा.
बरणीला मात्र हात लावला नाही.
यशोधननंच उघडली, डब्यासाठी,
आणि म्हणाला, एवढी घट्ट कोण लावतं?